आधी व्होल्टेज, मग बायस

1.56 व्होल्ट. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टॉर्चमध्ये घालायचा कोरा सेल मीटरवर साधारण एवढंच दाखवतो. म्हणजे अगदीच किरकोळ. पण फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने 1959 साली बाजारात आणलेल्या 'स्टीरिओ 70' या अँप्लिफायरची सगळी तब्येत या एवढ्याशा आकड्यावर ठरते. आकडा फार वर गेला की आतल्या ट्यूब स्वतःलाच भाजायला लागतात. फार खाली गेला की आवाज कोरडा पडतो.

आता तुम्ही म्हणाल, ट्यूब? अँप्लिफायर? कुठल्या जमान्यात आहेस बाई! बरोबर आहे तुमचं. आपल्यासाठी साउंड सिस्टीम म्हणजे मुठीत मावणारा ब्लूटूथ स्पीकर. रात्री चार्ज करायचा, सकाळी आंघोळीला जाताना सोबत न्यायचा. बिघडला तर नवा मागवायचा, दुसऱ्या दिवशी दारात हजर. उघडून बघायचा प्रश्नच नाही, कारण बऱ्याचदा त्याला उघडायला स्क्रूच नसतात. मीही याच पंथातली. तरीही 2024च्या दिवाळीनंतरचे दोन महिने माझे सगळे रविवार साडेचौदा किलोच्या एका लोखंडी खोक्याभोवती गेले. आणि खरं सांगू? मजा आली.

अर्धा माझा आहे

निमित्त झालं रीडेव्हलपमेंटचं. पुण्यात राहत असाल तर हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. आजीची कोथरूडमधली सोसायटी पाडायची ठरली. सगळ्यांनी तीन महिन्यांत भाड्याच्या घरात जायचं, टॉवर उभा राहिला की परत यायचं. मग सुरू झाली ती घराघरातली सुप्रसिद्ध लढाई : काय न्यायचं आणि काय काढायचं.

मामाची यादी तयार होती. पितळी बंब, शिवणयंत्र, दोन लोखंडी कपाटं आणि आजोबांचा अँप्लिफायर. शेवटच्या वस्तूसाठी त्याने ऑनलाइन एक गिऱ्हाईकसुद्धा शोधून ठेवलं होतं.

"तो बंद आहे ना पाच वर्षं?" मामा म्हणाला. आजोबा 2019 मध्ये गेले, तेव्हापासून त्याचं बटण कुणी दाबलं नव्हतं.

"बंद आहे म्हणून विकायचा, हे मला पटत नाही," आजी म्हणाली. "आणि परस्पर काय ठरवतोस? अर्धा माझा आहे तो."

आम्हाला वाटलं, वारसाहक्काचं बोलतेय. तसं नव्हतं. स्टीरिओ 70 तयार मिळायचा तसा सुट्या भागांच्या किटमध्येही मिळायचा. किट स्वस्त. पेन्सिल्व्हेनियात शिकायला गेलेल्या आणि डॉलर मोजून वापरणाऱ्या आजोबांनी 1969 मध्ये अर्थातच किट घेतलं. आजी लग्न होऊन नुकतीच तिथे पोहोचली होती. वय बावीस, बाहेर बर्फ, ओळखीचं कुणी नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पुस्तिकेतली एकेक पायरी वाचायची, अमुक रंगाची तार तमुक पिनला, आणि आजोबा डाख द्यायचे. डाख बसला की ती पुस्तिकेत पेन्सिलने खूण करायची. ती पुस्तिका तिने त्या दिवशी कपाटातून काढून मामासमोर ठेवली. पानापानावर बारीक, नेटक्या टिका. एकही सुटलेली नाही.

1976 मध्ये दोघं पुण्याला परत आले, तेव्हा सामानात हा अँप्लिफायर होता. अमेरिकेतली वीज 117 व्होल्टच्या आसपासची, आपली 230. त्यामुळे आजोबांनी इथल्या एका वाइंडरकडून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर करून घेतला. त्यावर अजूनही पांढऱ्या रंगात लिहिलेलं आहे : 220/117.

मामा जरा नरमला. आजीने मग आपली अट सांगितली. "चालू झाला तर नव्या घरात येईल. नाही झाला तर दे तुझ्या गिऱ्हाइकाला. नुसता शोभेला ठेवायचा नाही मला."

लाल झालेला पत्रा

गिऱ्हाईक शनिवारी आलं. माझ्याच वयाचा मुलगा, आयटीवाला, जुन्या हायफायचा भलताच शौकीन. त्याने कौतुकाने सगळं पाहिलं आणि "एकदा लावून बघू" म्हणत प्लग खोचला. ट्यूबच्या तळाशी नारिंगी उजेड आला. छान दिसतं हो ते, एकदम मूड लाइटिंग! मग घूं असा आवाज सुरू झाला. दोनेक मिनिटांत उजवीकडच्या एका ट्यूबमधला राखाडी पत्रा मध्यभागी लाल दिसायला लागला. तवा तापतो तसा. आजी उठली आणि तिने सरळ प्लग उपटला. वय वर्षं 77, पण स्पीड बघण्यासारखा होता.

"ट्यूब गेल्यात," मुलगा म्हणाला. "नवा सेट टाकला की झालं."

त्याने 'आहे तसा' घ्यायचा भाव सांगितला आणि विचार करून कळवा म्हणाला. पण नव्या ट्यूब टाकायच्या आधी कुणाला तरी दाखवायला हवं, असं मला वाटत राहिलं. एका ट्यूबचाच पत्रा लाल होतो, बाकीच्या तिघींचा नाही, हे का? बातमीमागची बातमी शोधायची खोड, दुसरं काय.

चार फोन केल्यावर एक काका सापडले. रेडिओ दुरुस्तीत उभं आयुष्य गेलेले, आता पंचाहत्तरीचे. नाव छापायचं नाही या अटीवर बोलले, कारण "लोक भंगारातले रेडिओ घेऊन दारात येतात गं." आमच्यासाठी ते व्हॉल्व्हवाले काका. अमेरिकेत ज्याला ट्यूब म्हणतात, त्याला आपल्याकडे व्हॉल्व्ह म्हणायचे. एकेकाळी भारत इलेक्ट्रॉनिक्स बंगळूरला व्हॉल्व्ह बनवायची, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

काकांनी अँप्लिफायरला हातही लावला नाही. आधी भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर घातला. 243.

मग आजोबांचा स्टेप-डाउन जोडला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला मोजलं. 129.

"हे बघ," ते म्हणाले. "ज्याला 117 प्यायची सवय, त्याला तुम्ही 129 पाजताय. आणि वर विचारताय, हा तापतो का?"

कुणाचीच चूक नाही, तरीही

मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे. यात चूक कुणाचीच नव्हती.

आपल्याकडे घरगुती विजेचं ठरलेलं व्होल्टेज 230. त्यात 6 टक्के वर-खाली चालतं. म्हणजे वरची हद्द जवळपास 244. आमचे 243 नियमात बसत होते. वाइंडरने ट्रान्सफॉर्मर 220 धरून गुंडाळला होता, तोही त्याच्या हिशेबाने अगदी बरोबर. पण त्याचं काम फक्त प्रमाण राखायचं. आत 220 आले तर बाहेर 117, आत 243 आले तर बाहेर 129. कुठे काही बिघडलेलं नाही, आणि तरी शेवटच्या टोकाला असलेल्याला रोज 10 टक्के जास्त.

ते 10 टक्के पुढे सगळीकडे पोहोचतात. व्हॉल्व्हच्या आत एक बारीक हीटर असतो, तो 6.3 व्होल्टचा. तो 6.9 वर गेला. अशा हीटरला 10 टक्क्यांपर्यंतची सूट असते, आम्ही अगदी त्या काठावर उभे. मुख्य पुरवठा, जो 430च्या घरात असायला हवा, तो 470. वर आणखी एक भानगड. अमेरिकेतली वीज सेकंदाला 60 वेळा हेलकावे खाते, आपली 50 वेळा. 60च्या हिशेबाने बनवलेला ट्रान्सफॉर्मर 50वर तितक्याच व्होल्टला जास्त तापतो आणि जास्त घुमतो. म्हणजे आपल्याकडे आल्यावर त्याला खरं तर थोडं कमीच द्यायला हवं होतं. मिळत होतं जास्त.

"मग आजोबांच्या वेळी कसा चालला?" मी विचारलं.

"चालला की! वर्षानुवर्षं चालला. म्हणून तर कुणी मोजलं नाही."

वजाबाकीचा ट्रान्सफॉर्मर

मला वाटलं, आता नवा स्टॅबिलायझर, नवा ट्रान्सफॉर्मर, मोठा खर्च. काकांनी चिठ्ठीवर एक ओळ लिहिली आणि मला बुधवार पेठेत पिटाळलं. तपकीर गल्ली म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची पंढरी. चिठ्ठीत होतं : 230 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, बाहेर 24 व्होल्ट, 3 अँपिअर. दुकानदाराने न विचारता काढून दिला. हा तर कुठल्याही पॉवर सप्लायमध्ये घालतात.

गंमत तो जोडायच्या पद्धतीत आहे. या ट्रान्सफॉर्मरचे 24 व्होल्ट भिंतीतल्या विजेच्या रांगेत, पण उलट दिशेने उभे करायचे. भिंत पुढे ढकलते, हे 24 मागे ओढतात. जेवढे हे, तेवढे वजा. इंग्रजीत याला वेगळं नाव आहे, काका मात्र म्हणतात वजाबाकीचा ट्रान्सफॉर्मर. मला तेच आवडलं.

पण दोन तारांची अदलाबदल झाली तर वजाबाकीची बेरीज होते. म्हणून पुढे काहीही न जोडता आधी मीटर. पहिल्यांदा जोडलं तेव्हा मीटरने 268 दाखवले. काकांनी शांतपणे प्लग काढला, दोन तारा अदलून बदलून लावल्या, पुन्हा मोजलं. 218.

"दोन्हीकडे दिसायला सारखंच दिसतं," ते म्हणाले. "म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, मीटरवर ठेवायचा."

218 आजोबांच्या स्टेप-डाउनमधून बाहेर पडले ते 116 होऊन. पांढऱ्या रंगातलं 220/117 इतक्या वर्षांनी अखेर खरं ठरलं!

एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर कुणी उत्साहाने पान्हे घेऊन बसायचं. हे काम घरी स्वतः करायचं नाही. अशा अँप्लिफायरमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चारशेच्या वर व्होल्ट धरून बसू शकतात. काका प्रत्येक वेळी आधी ते रिकामे करायचे, मोजून खात्री करायचे, मगच हात घालायचे. तोही एकच, दुसरा खिशात. जुनी दोन पायांची वायर त्यांनी पहिल्याच दिवशी काढून तीन पिनांची, अर्थिंग असलेली घातली. आणि पहिल्यांदा वीज देताना डिमरस्टॅट लावून, शून्यापासून हळूहळू चढवत.

गाणं वाजत नसताना

आता बायस. घाबरू नका, सोपं आहे.

व्हॉल्व्हच्या आत हीटरने तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो आणि बाहेरचा पत्रा, म्हणजे प्लेट, ते ओढून घेतो. प्लेटवर चारशेच्या वर व्होल्ट असतात, त्यामुळे ओढ जबरदस्त. मध्ये एक जाळी असते. तिच्यावर उणे व्होल्टेज ठेवतात, या अँप्लिफायरमध्ये उणे 35च्या आसपास. ती जाळी म्हणजे नळाची तोटी. उणे जास्त, तेवढी तोटी बंद. उणे कमी झालं की तोटी सैल आणि करंट धो धो.

बायस म्हणजे गाणं वाजत नसताना ही तोटी किती उघडी ठेवायची, ते. पूर्ण बंद ठेवली तर गाण्याचे बारीक स्वर तुटके येतात. जास्त उघडी ठेवली तर काहीही न वाजवता व्हॉल्व्ह जळत राहतो. स्टीरिओ 70 मध्ये एका चॅनलच्या दोन व्हॉल्व्हमधला करंट मिळून 15.6 ओहमच्या एका रेझिस्टरमधून जातो. त्यावर 1.56 व्होल्ट दिसले की करंट 100 मिलिअँपिअर, प्रत्येकी 50. हिशेब तोंडी करता येतो. किट जोडणाऱ्या साध्या माणसाला आपला स्वस्तातला मीटर बरोबर आहे का, हे टॉर्चच्या कोऱ्या सेलवर पडताळूनही पाहता येतं. एवढा विचार गिऱ्हाइकाचा! आजच्या कुठल्या गॅजेटमध्ये दिसतो सांगा.

आमच्या आजारी चॅनलवर, दुरुस्तीच्या आधी, किती आले होते? 2.3. करा भागाकार. 147 मिलिअँपिअर, प्रत्येकी साधारण 74. गुणिले 470 व्होल्ट. प्रत्येक व्हॉल्व्हवर जवळपास 35 वॉट. या ईएल34 व्हॉल्व्हच्या प्लेटची मर्यादा आहे 25. आणि दोघी करंट समसमान वाटूनही घेत नाहीत. जी जास्त घेत होती, तिचा पत्रा लाल.

कारण तीन निघाली. उणे व्होल्टेज तयार करणारा सेलेनियम रेक्टिफायर म्हातारा झाला होता. त्याच्या शेजारचे दोन कपॅसिटर सुकले होते. आणि उजव्या चॅनलमधला एक कपॅसिटर गळत होता, म्हणजे जाळीवर नको ते व्होल्टेज झिरपवत होता. उणे 35च्या जागी उजवीकडे उणे 27च उरले होते. नवा सेट टाकला असता तर तोही असाच भाजला असता. रेक्टिफायरच्या जागी जो सिलिकॉन डायोड बसला, तो चॉकलेटच्या भावात मिळतो.

पुरवठ्याचा मोठा कपॅसिटरही बदलला. 15.6 ओहमचे दोन्ही रेझिस्टर काकांनी मोजून पाहिले. एक 17.2 निघाला. "आधी मोजपट्टी मोजायची," ते म्हणाले. तोही बदलला. चारपैकी दोन व्हॉल्व्ह दमलेले होते, म्हणून चारही जोडीचे नवे मागवले. ईएल34 आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. जुने दोन चांगले निघाले, ते डब्यात कापूस घालून ठेवले.

मग तो रविवार आला. काका स्क्रूड्रायव्हर घेऊन बायसच्या गोल खुंटीपाशी, वाकलेले. मीटर लांब टेबलावर, त्यांना दिसेना.

"वहिनी, आकडा वाचता का जरा?"

आजीने चष्मा लावला. "शून्य पॉइंट नऊ," ती म्हणाली. "एक पॉइंट एक. एक पॉइंट दोन. हळू हं… एक पॉइंट तीन."

"1.56 पर्यंत न्यायचं ना?" मी विचारलं.

"आज गरज नाही," काका म्हणाले. "1.3 म्हणजे प्रत्येकी 42 मिलिअँपिअर. 430 व्होल्टला 18 वॉट. मर्यादा 25. आवाजात फरक कळणार नाही, आयुष्यात कळेल."

आजीने कुणाला काही न विचारता पुस्तिका ओढली. शेवटच्या पानावर, पन्नासेक वर्षांपूर्वीच्या टिकांच्या खाली, पेन्सिलने लिहिलं, 1.3. आणि पुढे टीक केली. मामा खिडकीपाशी उभा होता. त्याने मोबाइल काढला आणि गिऱ्हाइकाला मेसेज टाकला. काय टाकला ते आम्ही विचारलं नाही.

मग कुमार गंधर्वांची एलपी लागली. आवाज कसा होता? 'गरम', 'मखमली' असले शब्द हायफायवाले वापरतात, मला त्यात गती नाही. मला एवढंच जाणवलं की दोन ओळींमधल्या शांततेत घूं ऐकू येत नव्हतं.

क्रम महत्त्वाचा

काकांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. बायसचं उणे व्होल्टेजही त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येतं. त्यामुळे आधी बायस लावला आणि मग पुरवठा खाली आणला, तर लावलेला बायस पुन्हा हलतो. सगळी मेहनत फुकट. म्हणून क्रम ठरलेला. आधी व्होल्टेज, मग बायस.

आता बघा ना. माझी एक मैत्रीण हिंजवडीत आहे. तिच्या फोनमध्ये मेडिटेशनचं अॅप आहे, सकाळी योगा, रविवारी ट्रेक, रात्री झोप मोजणारं घड्याळ. सगळं बायसचं काम, मनापासून करते. पण रात्री अकरा वाजता ऑफिसच्या ग्रुपवर येणारे मेसेज तेवढेच आहेत. दोन माणसांचं काम एकटीकडे, तेही तसंच. भिंतीतून 243 येतच आहेत. मग बायस टिकणार कसा? आणि यात दुष्ट असं कुणीच नाही. बॉस त्याच्या हद्दीत, क्लायंट त्याच्या हद्दीत, आणि ती स्वतः हौसेने आलेली. सगळे नियमात, आणि शेवटच्या टोकाला 10 टक्के जास्त. रोज.

फ्रीलान्सिंगमध्ये बॉस नसतो, एवढाच काय तो फरक. पत्रा लाल व्हायच्या आधी कुणी प्लग उपटत नाही आणि तोवर आवाज छानच येत असतो. उलट थोडा जोरातच. 'ही बघ किती करते!' असं लोक म्हणत असतात ना, तेव्हा कुणीतरी मीटर लावायला हवा. गाणं वाजत नसताना किती जळतंय, ते बघायला. रविवारी दुपारी, काहीही करायचं नसताना, आपण कितीवर असतो?

मी मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "मग माझ्यासाठी पण आण की एक 24 व्होल्टचा, तपकीर गल्लीतून." चेष्टाच. पण दोन आठवड्यांनी तिने रात्री नऊनंतर ऑफिसचा फोन बंद ठेवायला सुरुवात केली. मॅनेजरला आधी सांगून. काही आकाश कोसळलं नाही. 24 व्होल्ट म्हणजे तरी काय, 243 पैकी जेमतेम दहावा हिस्सा. नोकरी सोडून हिमालयात जायची गरज नसते. थोडी वजाबाकी, तीही उलट दिशेने ठामपणे उभी असलेली, पुरते.

आजी आता भाड्याच्या घरात आहे. अँप्लिफायरसोबत त्याचे दोन्ही ट्रान्सफॉर्मर, पुस्तिका आणि काकांनी भेट दिलेला एक जुना मीटर असं सगळं बिऱ्हाड गेलं. सामान लागल्यावर तिने पहिल्यांदा भिंतीत मीटर घातला. 229. स्टेप-डाउनच्या टोकाला 109. तिने काकांना फोन लावला.

"चालेल," काका म्हणाले. "हीटरला पुरेसे आहेत, ट्रान्सफॉर्मरही गार राहील. पण बायस पुन्हा बघावा लागेल, वहिनी. रविवारी येतो. घर बदललं ना, आता 1.3 तेवढे राहिले नसणार."